रोज संध्याकाळी पहिली पंधरा मिनिटं नोंदी अडकतात? सॉकेटचा कोणता टायमर चालू आहे ते आधी बघा

खानापूर, नंदगड, जांबोटी या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांवरून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. निपाणी-चिकोडीकडूनही येते. सकाळचं संकलन व्यवस्थित होतं. संध्याकाळी पहिला माणूस येतो, दूध घालतो, वजन होतं, फॅट-एसएनएफ लागतं, पावतीही निघते. पण बेळगावच्या सर्व्हरवर नोंद दिसत नाही. केंद्रावरच्या नोंदी पाठवणाऱ्या बॉक्सवर मात्र ‘कनेक्टेड’ म्हणून हिरवी लाईट. पंधरा-सोळा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत चालू होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

त्या पंधरा मिनिटांत ज्यांनी दूध घातलं त्यांच्या नोंदी कधी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. दहा दिवसांचं बिल निघतं तेव्हा कुणाचे तरी चार लिटर कमी भरतात आणि भांडण सेक्रेटरीच्या अंगावर येतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

फोनवर बहुतेक वेळा असं ऐकायला मिळतं: “सर, रेंज फुल्ल आहे की. बॉक्स बंद करून चालू केला की होतंय बघा.” होतं, खरं आहे. पण बंद-चालू करणं हाच सगळ्यात वाईट उपाय आहे. त्याचं कारण खाली येईल. सिम बदलून, अँटेना उंच बांधूनही हे थांबत नाही, कारण बिघाड रेंजचा नाहीच. संध्याकाळी रेंज ठीकच असते. अडचण दुपारी झालेली असते आणि ती कळायला संध्याकाळ उजाडते.

घडतं ते असं. बॉक्समध्ये लिनक्स आहे, फोर-जी डोंगल आहे, आणि प्रोग्रॅम सर्व्हरशी एक टीसीपी (पाठवलेल्या डेटाची पोच घेणारं) कनेक्शन उघडून ठेवतो. या कनेक्शनच्या प्रत्येक टोकाला सॉकेट म्हणतात. सकाळी साडेआठच्या सुमाराला संकलन संपतं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या कनेक्शनवरून एकही पॅकेट जात नाही. मोबाइल कंपनीकडे एकाच पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवलेले असतात. या व्यवस्थेला नॅट म्हणतात. ती प्रत्येक कनेक्शनची नोंद आपल्या तक्त्यात ठेवते आणि बराच वेळ काही हललं नाही की ती नोंद पुसून टाकते. आरएफसी ५३८२ हे २००८ सालचं मानक सांगतं की जोडलेलं कनेक्शन किमान २ तास ४ मिनिटं तरी शांत राहू द्यावं. प्रत्यक्षात मोबाइलच्या नेटवर्कवर नोंद काही मिनिटांतही पुसली जाते.

नोंद पुसल्याचं नॅट कुणालाच कळवत नाही. ना बॉक्सला, ना सर्व्हरला. टीसीपीत कनेक्शन म्हणजे दोन टोकांनी आपापल्या मेमरीत ठेवलेली अवस्था. मधली तार तुटली तरी पॅकेट जात-येत नाही तोवर दोन्ही टोकं ‘एस्टॅब्लिश्ड’ (जोडलेलं) असंच म्हणत राहतात. हिरवी लाईट तेवढंच सांगते.

संध्याकाळी प्रोग्रॅम पहिली नोंद लिहितो. राइट कॉल यशस्वी होतो. याचा अर्थ एवढाच की कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ती नोंद सॉकेटच्या सेंड क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या रांगेत घेतली. सर्व्हरला पोचली असा अर्थ मुळीच नाही. कर्नल पॅकेट पाठवतो, पोच येत नाही, टायमर संपतो, पुन्हा पाठवतो. अशी ती पंधरा मिनिटं जातात.

पंधराच का?

लिनक्समध्ये रीट्रान्समिशन टायमरची (पोच आली नाही तर पुन्हा पाठवायच्या टायमरची) किमान मुदत २०० मिलिसेकंद आणि कमाल १२० सेकंद. प्रत्येक फेरीला मुदत दुप्पट होते: ०.२, ०.४, ०.८ असं करत १०२.४ सेकंदांपर्यंत, आणि त्यापुढे दर वेळी १२०. किती वेळा पुन्हा पाठवायचं ते ठरवणारी टीसीपी_रीट्राइज२ ही सेटिंग मुळात १५ असते. पहिलं पाठवणं धरून मुदती सोळा. पहिल्या दहा मुदतींची बेरीज २०४.६ सेकंद, पुढच्या सहांची ७२०. एकूण ९२४.६ सेकंद, म्हणजे १५ मिनिटं २४ सेकंद. हा आकडा खालची मर्यादा आहे. तो ओलांडल्यावर जो पहिला टायमर संपेल तेव्हा कर्नल हार मानतो आणि प्रोग्रॅमला ११० नंबरची एरर देतो, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. म्हणून कुठे पंधरा होतात, कुठे सोळा-सतरा. तुमच्या तक्रारींच्या वेळा या आकड्याच्या आसपास जमत असतील तर निदान जवळपास झालंच. तक्रार दोन मिनिटांच्या आसपासची असेल तर ती वेगळी: नवीन कनेक्शन जुळताना सिन (कनेक्शन मागणाऱ्या पहिल्या) पॅकेटला उत्तर न मिळाल्याने लागणारा वेळ साधारण तेवढा असतो. आणि लगेच १०४ नंबरची ‘कनेक्शन रीसेट’ एरर येत असेल तर समोरून कुणीतरी रीसेट पाठवतंय. तो बरा प्रकार, कारण प्रोग्रॅमला लगेच कळतं.

आता बघायचं कसं. अडकलेल्या अवस्थेत, म्हणजे संध्याकाळी नोंद जात नसतानाच, बॉक्सवर सॉकेटची अवस्था दाखवणारी एसएस ही कमांड टी, एन आणि ओ हे पर्याय लावून चालवा. ओ महत्त्वाचा. त्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी टायमरची माहिती येते आणि कंसात तीन गोष्टी दिसतात: टायमरचं नाव, संपायला उरलेला वेळ, आणि कितवा प्रयत्न चालू आहे. आमच्याकडच्या अडकलेल्या बॉक्सवर दिसतं ते साधारण असं:

एस्टॅब  रिसीव्ह-क्यू ०  सेंड-क्यू ४१२  टायमर:(ऑन,४७सेकंद,९)

सेंड-क्यू शून्य नाही, म्हणजे पोच न मिळालेला डेटा पडून आहे. ‘ऑन’ म्हणजे रीट्रान्समिशन टायमर चालू. नऊ वेळा पाठवून झालंय. एक मिनिटाने परत बघा: शेवटचा आकडा वाढलेला आणि सेंड-क्यूही वाढलेली दिसली, कारण लोक दूध घालतच आहेत, तर संशयाला जागा नाही.

हीच कमांड दुपारी चालवली तर त्याच ओळीला टायमर हा शब्दच नसतो. शांत सॉकेटवर एकही टायमर चालू नसतो. इथेच सगळं आहे: दुपारी तुटलेलं कनेक्शन तपासायला कर्नलला कुणी सांगितलेलंच नाही.

मग सगळे म्हणतात, कीपअलाइव्ह लावा, म्हणजे शांत कनेक्शनवर अधूनमधून प्रोब (तपासणीचं छोटं पॅकेट) पाठवून समोरचं टोक जिवंत आहे का ते बघा. बरोबर आहे, पण यात इतक्या जणांचे प्रयत्न वाया गेलेले पाहिलेत की टप्प्याटप्प्याने लिहितो.

पहिलं. किती वेळ शांत राहिल्यावर पहिला प्रोब पाठवायचा ते ठरवणारी सिस्टीमची टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम ही सेटिंग मुळात ७२०० सेकंद असते. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ प्रोब. उत्तर नाहीच आलं तर २ तास ११ मिनिटं १५ सेकंदांनी कनेक्शन मेलेलं धरलं जातं. दोन तासांचा हा आकडा १९८९ च्या आरएफसी ११२२ मधून आलाय; त्यात कीपअलाइव्ह मुळात बंद असावा आणि मूळ मुदत दोन तासांपेक्षा कमी नसावी असं स्पष्ट लिहिलंय. मोबाइलच्या नॅटपुढे दोन तास काहीच कामाचे नाहीत.

दुसरं. ती सेटिंग ६० केली म्हणून काही होत नाही. ज्या सॉकेटवर प्रोग्रॅमने एसओ_कीपअलाइव्ह हा पर्याय चालू केलाय त्यालाच ती लागू होते. सर्व्हिस करणारे कितीतरी जण फाइलमध्ये आकडा बदलतात, रीबूट करतात आणि झालं म्हणून निघून येतात. एसएसमध्ये ‘कीपअलाइव्ह’ हे नाव दिसलं तरच तो चालू आहे. पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो स्वतः चालू करावा लागतो. गो भाषेतल्या प्रोग्रॅमना तो मुळातच असतो, दर १५ सेकंदांनी. प्रोग्रॅम बंदिस्त असेल, सोर्स मिळत नसेल, तर प्रीलोड करून सॉकेट कॉल मध्येच पकडणारी छोटी लायब्ररी वापरता येते.

तिसरं. चालू असलेला टायमर आकडा बदलल्यावर लगेच बदलत नाही. जो दोन तासांसाठी लागलाय तो दोन तासांनीच संपेल. बदल केल्यावर प्रोग्रॅमचं कनेक्शन नव्याने जोडा.

चौथं, कंटेनर. कंटेनर म्हणजे मशीनच्या आत प्रोग्रॅमसाठी केलेला वेगळा कप्पा. नवीन कर्नलवर या सेटिंग प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (अशा कप्प्याच्या स्वतंत्र नेटवर्कला) वेगळ्या असतात. मशीनवर ६० केलं आणि प्रोग्रॅम कंटेनरमध्ये असेल तर त्याच्या लेखी अजून ७२००च. सर्व्हरच्या बाजूला हे हमखास चुकतं. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे सिस्टीमचा आकडा सोडून द्यायचा आणि प्रोग्रॅममधूनच त्या सॉकेटवर टीसीपी_कीपआयडल (किती वेळ शांत राहिल्यावर), टीसीपी_कीपइंटव्हल (किती अंतराने) आणि टीसीपी_कीपकाउंट (किती प्रोब) लावायचे. आम्ही तेच करतो.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते क्वचितच कुणी सांगतं. कीपअलाइव्ह फक्त शांत कनेक्शनसाठी आहे. कर्नलच्या टीसीपी_टायमर.सी या फाइलमध्ये कीपअलाइव्हचं फंक्शन बघा. टायमर संपला की ते आधी तपासतं की पोच न मिळालेलं पॅकेट बाहेर आहे का, किंवा सेंड क्यूमध्ये काही आहे का. असेल तर ते प्रोब पाठवतच नाही, टायमर पुन्हा लावून परत फिरतं. विचार असा की डेटा जातोच आहे तर रीट्रान्समिशन काय ते ठरवेल. म्हणजे प्रोब सुरू होण्याआधी जरी एखादी नोंद लिहिली गेली, की तुम्ही लावलेला साठ सेकंदांचा कीपअलाइव्ह बाजूला पडतो आणि परत तीच ९२४ सेकंदांची रांग. संकलन ऐन भरात असताना टॉवर गेला तर असंच होतं. दर दहा सेकंदांनी नोंद लिहिली जातेय, मग कनेक्शन शांत आहेच कुठे?

त्यात एसएस एका वेळी एकच टायमर दाखवते. रीट्रान्समिशन चालू असेल तर ‘ऑन’ दिसतं. मागे कीपअलाइव्हही लागलेला असतो, पण तो दिसत नाही. ‘कीपअलाइव्ह लावला होता, गेला कुठे?’ असा प्रश्न पडला तर उत्तर हेच.

या अवस्थेवरचा इलाज टीसीपी_युजर_टाइमआउट. ही सॉकेटवर लावायची सेटिंग आहे, आकडा मिलिसेकंदांत. पाठवलेल्या डेटाला इतक्या वेळात पोच मिळाली नाही तर कनेक्शन सोडून दे, असं ती कर्नलला सांगते. लिनक्समध्ये २.६.३७ पासून आहे. ती लावली की कीपअलाइव्हच्या प्रोबची मोजणीही तिच्याच हुकमात येते: निदान एक प्रोब गेलेला असेल आणि मुदत उलटली असेल तर काउंट काही असो, कनेक्शन संपतं. म्हणून दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळते ठेवायचे.

आम्ही केंद्रांवर ठेवलेले आकडे: आयडल ६० सेकंद, इंटव्हल १० सेकंद, काउंट ६, युजर टाइमआउट १,१०,००० मिलिसेकंद. पहिल्या तिघांची गोळाबेरीज १२० सेकंद होते, युजर टाइमआउट तिच्यापेक्षा थोडा कमी. याहून कमी करायचा मोह होतो, पण करू नका. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात सिग्नल मिनिटभर जातो आणि परत येतो. तिथे वीस सेकंदांची मुदत ठेवली तर चांगलं कनेक्शन उगाच तुटेल, नवीन जोडताना परत पाऊस, आणि बॉक्स दिवसभर जोडण्यातच गुंतून राहील. बेळगाव शहरात, निपाणीत हायवेलगत कमी आकडा चालून जातो. ६० सेकंदांचा आयडल तुमच्या सिमवर पुरतो का ते मात्र मोजून घ्या: एकाच बॉक्सवरून चार-पाच कनेक्शन उघडा, एकाला दोन मिनिटं शांत ठेवा, एकाला पाच, एकाला दहा, एकाला तीस, आणि मग प्रत्येकावरून एक ओळ पाठवून कोण जिवंत आहे ते बघा.

सर्व्हरची बाजू विसरू नका. बेळगावचा सर्व्हर स्वतःहून काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. मग त्याच्या सॉकेटवर रीट्रान्समिशन टायमर लागायचा प्रश्नच येत नाही. कीपअलाइव्ह नसेल तर ते सॉकेट सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत तसंच पडून राहतं. केंद्रावर करंट जाऊन बॉक्स बंद पडला तरी सर्व्हरला पत्ता नसतो, कारण फिन (कनेक्शन बंद करतोय असं सांगणारं पॅकेट) पाठवायलाही बॉक्स जिवंत लागतो. करंट आल्यावर बॉक्स नवीन कनेक्शन जोडतो आणि काही प्रोग्रॅम म्हणतात, ‘हे केंद्र आधीच जोडलेलं आहे’, आणि नव्याला हाकलतात. हे अगदी उलट झालं. एकाच केंद्राची दोन कनेक्शन आली आणि ओळख पटली, तर नवीन ठेवायचं, जुनं बंद करायचं. आणि सर्व्हरवरही तेच कीपअलाइव्हचे आकडे.

आता बंद-चालू करण्याबद्दल. प्रोग्रॅम बंद झाला की सेंड क्यूमधल्या नोंदी लगेच नष्ट होत नाहीत. कर्नल ते सॉकेट अनाथ म्हणून सांभाळतो आणि पाठवायचा प्रयत्न करत राहतो. एसएसमध्ये ते ‘फिन-वेट-१’ म्हणून दिसतं, मालक प्रोग्रॅमचं नाव नाही, टायमर ऑन. पण अनाथ सॉकेटला पंधरा नाही, मुळात आठच प्रयत्न मिळतात, म्हणजे शंभरेक सेकंद. मग कर्नल ते टाकून देतो, आतल्या नोंदींसकट. बॉक्सचं बटणच दाबलं तर तेवढाही वेळ नाही. म्हणजे ‘रीस्टार्ट केलं की होतंय’ असं म्हणताना सुरू होतात ते पुढचे व्यवहार; मागचे सात-आठ लोकांचे लिटर त्या क्यूबरोबर गेलेले असतात. पंधरा मिनिटं थांबून एरर आली तरी क्यू रिकामीच होते. फरक पडतो तो प्रोग्रॅम पुन्हा पाठवतो की नाही यावर.

म्हणून टायमर कितीही नीट लावले तरी एक गोष्ट प्रोग्रॅममध्येच करायला हवी, आणि यावर मी तडजोड करणार नाही. नोंद आधी बॉक्सच्या कार्डवर लिहायची. सर्व्हरने डेटाबेसमध्ये टाकल्यावर त्या नोंदीच्या नंबरची पोच पाठवायची, आणि ती आल्यावरच नोंद पाठवलेली धरायची. टीसीपीची पोच म्हणजे समोरच्या कर्नलला मिळालं, एवढंच. केंद्राचा कोड, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि अनुक्रमांक मिळून एक ओळख ठेवली की तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर एकदाच धरतो. शेतकऱ्याच्या हातात पावती आहे आणि सर्व्हरवर नोंद नाही, असं एकदाही होता कामा नये.

तपासणी. डोंगल उपसून तपासू नका. इंटरफेसच गेला की कर्नल वेगळं वागतो आणि तुम्हाला हवी ती अवस्था मिळत नाही. सर्व्हरवर आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) इनपुट साखळीत त्या एका केंद्राच्या पत्त्याचा आणि पोर्टचा ड्रॉप नियम लावा. रिजेक्ट नको, ड्रॉपच, कारण नॅटही गप्प राहूनच पॅकेट गिळतं. बॉक्सच्या आउटपुट साखळीतही लावू नका. तिथे पॅकेट आपल्याच घरात अडल्याचं कर्नलला कळतं. नियम लागला की बॉक्सवर एसएस दर दोन सेकंदांनी चालेल असं वॉचमध्ये लावून ठेवा आणि दोन प्रकारे बघा. एकदा काहीच न पाठवता: ‘कीपअलाइव्ह’चा वेळ उतरतो, शून्याला येतो, शेवटचा आकडा एक, दोन, तीन असा चढतो आणि ओळ गायब होते. दुसऱ्यांदा नियम लावल्याबरोबर एक नोंद पाठवून: ‘ऑन’ दिसतं, मुदती दुप्पट होत जातात, आणि दोन मिनिटांच्या आसपास कनेक्शन सुटतं. दुसऱ्या प्रकारात पंधरा मिनिटं लागली तर युजर टाइमआउट लागलेला नाही.

घड्याळ लावून सेकंद जुळवत बसू नका. २०१६ साली ४.८ कर्नलमध्ये टायमरची रचना बदलली, तेव्हापासून लांबच्या मुदतीचे टायमर थोडे उशिरा सुटू शकतात, मुदतीच्या १२.५ टक्क्यांपर्यंत. आधी कधीच सुटत नाहीत. शिवाय टायमर संपला त्याच क्षणी प्रोग्रॅमने सॉकेट धरलेलं असेल तर कर्नल थांबतो: कीपअलाइव्ह एका सेकंदाच्या विसाव्या भागानंतर परत बघतो, रीट्रान्समिशन सॉकेट मोकळं होईपर्यंत पुढे ढकललं जातं.

‘ऑन’ऐवजी ‘पर्सिस्ट’ दिसलं तर प्रश्न नेटवर्कचा नाही. सर्व्हर जिवंत आहे, पण त्याचा बफर भरलाय आणि तो म्हणतोय की आता पाठवू नका. सर्व्हरचा प्रोग्रॅम डेटा वाचत नाहीये. बहुधा डेटाबेसपाशी अडकलाय. तिथे मोबाइलच्या आकड्यांशी खेळून उपयोग नाही.

‘टाइमवेट’च्या (नुकत्याच बंद झालेल्या कनेक्शनच्या) ओळी बघून घाबरायचं कारण नाही. साठ सेकंद राहतात आणि जातात. टीसीपी_फिन_टाइमआउट कमी करून त्या कमी होत नाहीत, ती सेटिंग फिन-वेट-२ साठी, म्हणजे समोरच्या फिनची वाट बघणाऱ्या सॉकेटसाठी आहे. एक जुनी सेटिंग मात्र जरूर शोधा: टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल. जुन्या सल्ल्यांवरून ती कितीतरी सर्व्हरवर १ करून ठेवलेली असते. एकाच नॅटमागून अनेक केंद्रं येत असतील तर त्यांचे टाइमस्टॅम्प एकमेकांशी जुळत नाहीत आणि सर्व्हर काहींची सिन पॅकेट गुपचूप टाकून देतो. जांबोटी जोडलं गेलं की नंदगड जोडता येत नाही, असा विचित्र प्रकार दिसला तर आधी हे बघा. २०१७ मध्ये ४.१२ कर्नलपासून ती सेटिंग काढूनच टाकली. सर्व्हर त्याहून जुना असेल तर ० करा.

एवढं करूनही सुटत नसेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर नोंदी अडकलेल्या असतानाचं एसएसचं आउटपुट पाठवा: बॉक्सवरचं आणि सर्व्हरवरचं, दोन्हीकडून एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घेतलेलं. सोबत दोन्हीकडचा कर्नल नंबर, प्रोग्रॅम कंटेनरमध्ये आहे का, आणि शेवटी आलेली एरर ११० ची होती की १०४ ची.